घाटात काढलेली पुली

मे २००४, शुक्रवार, दुपारची नमाज झाल्यावर. हजर: पिकअपचा मालक, त्याचा चुलतभाऊ (स्वतःच्या जीपमध्ये), मिस्त्री आणि मी. बाकी कोणाला कळवलं नव्हतं.

सौदीतल्या खमीस मुशैतमध्ये मी तेव्हा स्पेअर पार्ट्‌सचं गोदाम सांभाळत होतो. शेजारच्या गॅरेजमधला मिस्त्री गुहागरकडचा. गॅरेज पिकअपच्या मालकाचंच, म्हणजे मिस्त्रीचा व्हिसा ज्याच्या नावावर, तो कफीलही तोच. मिस्त्री इस्त्रीची डांगरी घालायचा, अत्तर लावून बॉनेटखाली वाकायचा आणि स्वतःबद्दल फार चांगलं बोलायचा. ते बहुतेक खरं असायचं.

पिकअप काळी, अमेरिकेहून आणलेली, सुपरचार्जरवाली. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा हा पंखा इंजिनात हवा दाबून भरतो. त्याची पुली जितकी लहान, तितका तो जोरात फिरतो आणि तितकी ताकद वाढते. हिवाळाभर मिस्त्रीने त्या गाडीवर काम केलं होतं. आधी रुंद सायलेन्सर, मग मोकळा फिल्टर, मग नवे प्लग, शेवटी मूळच्यापेक्षा लहान पुली. एक काम झालं की गाडी आठवडाभर चालवायची आणि मगच दुसऱ्याला हात घालायचा. मला याद्या करायची सवय, त्यामुळे ही पद्धत फार आवडली. गाडी धुवायलासुद्धा मिस्त्री दुसऱ्या कोणाला देत नसे.

मग चुलतभावाने जेद्दाहून त्याहूनही लहान पुली आणली. तिथल्या मोठ्या वर्कशॉपमध्ये म्हणे सगळे हीच बसवतात. मालकाने मिस्त्रीला सांगून टाकलं की ही बसव, नाहीतर गाडी यापुढे जेद्दाला जाईल.

मिस्त्रीने वाद न घालता ती बसवली. खमीसच्या सपाट रस्त्यावर गाडी अक्षरशः उडाली. मालक खूश झाला. मिस्त्रीने एकच मागणी केली: घाट उतरून खालच्या किनारपट्टीत, तिहामात जायचं आणि तिथून गाडी वर चढवायची. खमीस उंचावर, हवा विरळ. खाली समुद्राकडे हवा दाट आणि तापलेली. वर जी पुली सोसते, ती खाली इंजिनात हवा कोंबते. आणि मालकाच्या मधमाश्यांच्या पेट्या खाली, त्यामुळे त्याची तिकडे सारखी ये-जा. चुलतभाऊ हसला, पण मालक तयार झाला.

पुढच्या सीटवर आम्ही तिघे, मी मध्ये. मिस्त्रीने इंजिनाला तांब्याची एक नळी बोल्टने घट्ट बसवली होती. तिला रबरी नळी जोडून ती खिडकीतून आत घेतली होती आणि तिचं टोक स्वतःच्या कानात धरलं होतं. खाली पोचल्यावर चुलतभाऊ जीपमधून डोकावला.

"डॉक्टर, मुलगा की मुलगी?"

"आई वाचली की सांगतो," मिस्त्री म्हणाला.

मालकाने पाय दाबला. मी आयुष्यभर गाड्यांचे सुटे भाग मोजले, पण गाडी म्हणजे काय ते त्या दिवशी पाठीला कळलं. सुपरचार्जरची शीळ चढत गेली, सीटने मला धरून ठेवलं आणि वळणं समोरून धावत आली. पहिल्या बोगद्याच्या अलीकडे मिस्त्रीने कानातली नळी काढली आणि माझ्या डोक्यावरून मालकापुढे धरली.

"मी सांगितलं तर तुम्हाला निमित्त वाटेल, मुदीर. तुम्हीच ऐका."

मालकाने एका हाताने ती कानाला लावली. थोडं अंतर तसंच गेलं. मग त्याचा पाय हळूहळू वर आला आणि गाडी कडेला थांबली. तव्यावर कॉफीच्या बिया भाजताना उडतात तसं आत काहीतरी वाजतंय, असं तो म्हणाला. वेळेआधीच पेट घेणाऱ्या पेट्रोलचा तो आवाज. असंच चालू राहिलं तर पिस्टन जातो.

चुलतभावाने जीप मागे लावली आणि काय मोडलं म्हणून विचारलं.

"अजून काहीच नाही," मालक म्हणाला.

मिस्त्रीने खिशातून इस्त्रीचा रुमाल काढला. त्यात आधीची पुली होती. कठड्यावरची माकडं बघत बसली आणि मिस्त्री बाह्या खाली ओढून तापलेल्या इंजिनावर वाकला. पट्टा सैल धरायला मालकाने चुलतभावालाच लावलं. त्याचा पांढरा पायघोळ थोब काळा झाला.

मग पुन्हा खाली जाऊन तोच चढ, तितकाच पाय दाबून. या वेळी नळी अख्खा घाट मालकाच्याच कानात होती. मिस्त्री खिडकीबाहेर बघत होता, पण त्याची बोटं गुडघ्यावर घट्ट आवळलेली मला दिसत होती. माथ्यावर मालकाने नळी गुंडाळून मिस्त्रीच्या मांडीवर ठेवली. गाडीतून उतरून चुलतभावाला एवढंच म्हणाला, "जेद्दा लांब आहे."

नंतर त्याने मिस्त्रीला विचारलं की लहान पुली वापरायचीच असेल तर काय लागेल. मिस्त्री म्हणाला, आत जाणारी हवा थंड करायला मोठा रेडिएटर. मालकाने माझ्याकडे बघितलं, मी होकार दिला. रेडिएटर येईपर्यंत ती लहान पुली माझ्याकडे ठेवायची ठरली; मिस्त्रीने ती त्याच रुमालात गुंडाळून दिली.

मी ऑर्डर पाठवली. रेडिएटर आला तोवर माझी बदली रियाधला झाली होती आणि पुली माझ्या सामानातून तिकडे गेली होती. गाडी शेवटपर्यंत मिस्त्रीकडेच राहिली. आता तो गुहागरला स्वतःचं गॅरेज चालवतो. रुमाल मी धुऊन, इस्त्री करून पुन्हा पुलीभोवती गुंडाळला आहे. पुली त्याला नेऊन द्यायची बाकी आहे.