डाव्या बाजूचा ब्रेक

“मावशी, हात आत घ्या! अहो, हात आत!”

माईकवरची मुलगी ओरडत होती. माझा हात खिडकीबाहेर होता. उजवीकडे वळायचं होतं, म्हणून मी हात दाखवला होता. मागे कोणी नव्हतं. पुढे कोणी नव्हतं. डोंगरावरच्या त्या सगळ्या सड्यावर माझी एकच गाडी धावत होती. तरी मी हात दाखवला आणि वर हॉर्नही मारला.

दोरीच्या पलीकडे उभी असलेली माणसं पोट धरून हसत होती. आमच्या मोटार ट्रेनिंग स्कूलचा मालक प्रकाश तेवढा हसत नव्हता. तो कपाळाला हात लावून उभा होता.

मी कोणाकडे लक्ष दिलं नाही. पुढच्या वळणालाही हॉर्न मारला. सवय एका फेरीत जात नाही.

माझं नाव फिलोमिना. मालवणात मला फिलूमावशी म्हणतात. शाळा चौथीपर्यंत झाली. मी ड्रायव्हिंग शिकवते. शिकणारा उजवीकडे स्टिअरिंगवर बसतो आणि मी डावीकडे. शिकवण्याच्या गाडीत डाव्या बाजूलाही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. शिकणारा चुकला तर तो ब्रेक मी दाबायचा. लोक मला म्हणतात, बरं आहे गो तुझं, बसून बसून काम. बसून बघा मग.

ही नोकरी मी हौसेने धरली नाही. माझा घोव, म्हणजे नवरा, मासळीचा टेम्पो चालवायचा. बंदरावर माल भरायचा आणि इन्सुलीचा नाका ओलांडून गोव्यात टाकायचा. एक दिवस तो एका बाजूने लुळा पडला. टेम्पो अंगणात उभा राहिला. घरात सासू होती, दोन मुली होत्या. बाईमाणसाला टेम्पो शिकवायला कोणी येईना. मग तोच खाटेवरून सांगायचा, आणि मी अंगणात गिअर टाकायची. त्याला धड बोलता येत नव्हतं. क्लच म्हणाला की ब्रेक, ते मी त्याच्या तोंडाकडे बघून ओळखायची. पुढे मी पुष्कळ वर्षं मासळी नेली. तो गेला. टेम्पो विकला. मुलींची लग्नं झाली. तेव्हा प्रकाशचे वडील, तात्या, यांनी मला बोलावून घेतलं. बायकांना शिकायचं होतं, पण पुरुष बाजूला बसला की त्या अवघडत. तात्या म्हणाले, “फिले, तू बस.” तेव्हापासून मी बसलेली आहे.

आता तात्या नाहीत. प्रकाश बघतो सगळं. आणि त्या सड्यावर माझी तीच जागा पणाला लागलेली होती.

कारण झालं जवळच्या कट्टा गावच्या बाजारात. एक शाळामास्तरीणबाई शिकत होत्या. रस्त्यात वासरू आलं. बाईंनी घाबरून गाडी डावीकडे घातली. डावं चाक गटारात गेलं, बंपर फुटला. कोणाला काही लागलं नाही, पण सगळा बाजार जमला. प्रकाश मोटरसायकलवरून आला.

“मावशे, ब्रेक कित्याक मारूक नाय?”

“मागसून एसटी होती.”

“एसटी काय करतली?”

“आमच्या वरसून गेली असती. एकदम चिकटान होती. मी आरशात बघलंय. गटार बरा म्हटलंय.”

“सगळे सांगतत, म्हातारेचो पाय उशिरा गेलो.”

“पाय उशिरा गेलो नाय. मी दाबूकच नाय.”

त्याला ते पटलं नाही. कोणालाच पटलं नाही. ब्रेक असून दाबला नाही, हे लोकांना कसं समजावणार? मास्तरीणबाईंनी क्लास सोडला. मग प्रकाशने मला ऑफिसात बोलावून सांगितलं, की एक तारखेपासून बायकांची बॅच सुदेश घेणार. सुदेश आमच्याकडचा दुसरा शिकवणारा. मिशीवाला, हसरा, माणूस चांगला.

“आणि मी?”

“तू हयसर बस. फोन घे, फॉर्म भर.”

“माका फॉर्म भरूक येतत?”

प्रकाशने खाली बघितलं. त्यालाही माहीत होतं. ऑफिसात बस म्हणजे घरी बस, एवढाच त्याचा अर्थ होता. तात्यांच्या शब्दाखातर त्याला ‘घरी बस’ असं तोंडाने म्हणता येत नव्हतं.

त्याच आठवड्यात ते ऑटोक्रॉस आलं. कुडाळकडच्या काही हौशी मुलामुलींचा क्लब आहे. त्यांनी कट्ट्याच्या वरचा सडा मागून घेतला होता. सडा म्हणजे डोंगरावरचं सपाट कातळाचं रान. ऑटोक्रॉस म्हणजे शर्यतच, पण गाड्या एकमेकींच्या अंगावर जात नाहीत. मोकळ्या जागेत प्लॅस्टिकचे कोन मांडून वाट करतात. रस्त्याचं काम चालू असलं की ठेवतात ना, तसले लाल कोन. एका वेळी एकच गाडी सोडतात आणि घड्याळ लावतात. कोन पाडला की वेळ वाढवून लावतात. प्रत्येकाला तीन फेऱ्या, त्यातली चांगली धरायची. गाडी कसलीही चालते. जाहिरात होईल म्हणून प्रकाशने स्कूलची गाडी शर्यतीत घातली. चालवणार होता सुदेश.

मी म्हटलं, “माझाय नाव घाल.”

“तुझा? मावशे, ता पोरांचा काम.”

“गाडी चलवूचा काम आसा मां? माझो पाय तुका बघूचो आसा. थयसर बघ. मगे काय ता ठरव.”

सुदेश हसला. म्हणाला, “घाल रे नाव. मावशी येतली तर चार माणसा जास्त येतली.”

प्रकाशने नावांचा कागद पुढे ओढला. मग म्हणाला, “कोन पाडलंस तर?”

“पाडलंय तर सोमवारी येवन ऑफिसात बसतंय. परत इषय काढूचंय नाय.”

“आणि नाय पाडलंस तर?”

“तर माझी बॅच माका.”

अशी ती पहिली फेरी झाली. हात दाखवून, हॉर्न मारून. सिग्नलला थांबल्यासारखी शेवटच्या रेषेवर मी गाडी थांबवली आणि हँडब्रेकही ओढला. कोन एकही पडला नव्हता. पण माझ्यापेक्षा हळू कोणीच गेलं नव्हतं.

सुदेश खिडकीपाशी आला. “मावशे, आरटीओचो सायेब नाय आसा थय. हॉर्न मारू नको. बाकी सगळा बराबर.”

त्याची फेरी मी नीट बघितली. सुदेश वाऱ्यासारखा गेला. दोन कोन उडवले आणि हसत उतरला. मधल्या वेळात वाट पायी बघायची मुभा होती. पोरं जोडीजोडीने फिरत होती, मी एकटी चालले. चालता चालता एक गोष्ट लक्षात आली. वाट अवघड नव्हती. कुठे गाडी उभी करून वळवावी लागेल असा कोपराच नव्हता. एक वळण सुटतंय तिथेच दुसरं सुरू होत होतं. मधल्या कोनांची रांग एकाला डावं, एकाला उजवं घालून जायची. मग काजूच्या झाडाला धरून एक मोठं लांब वळण होतं. वर तांबडी खडी पसरलेली. खडीवर ब्रेक मारला की चाक धरत नाही, सरकतं. म्हणजे ब्रेक आधी, सरळ असताना. वळणात पाय अलगद.

हे मी रोज शिकवते. स्वतः कधी केलेलं नव्हतं. टेम्पोत मागे मासळी असायची, बर्फाचं पाणी असायचं, ते हिंदकळू द्यायचं नसायचं. स्कूलच्या गाडीत मी डावीकडे. माझं सगळं आयुष्य गाडी हळू करण्यात गेलं.

दुसऱ्या फेरीला मी काच वर करून घेतली. हात बाहेर जायलाच नको.

झेंडा पडला. पहिला गिअर, दुसरा. पहिल्या वळणाला अंगठा हॉर्नवर गेला होता, तो मी मागे घेतला. कोनांच्या रांगेत शिरले. डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. कोनाकडे बघायचं नाही, त्याच्या पुढच्याकडे बघायचं. तिसऱ्या कोनापर्यंत मी गाडी चालवत होते. त्याच्यापुढे काय झालं ते सांगता येत नाही. गाडी आपली जायला लागली. स्टिअरिंग नुसतं धरायचं, वळण आपणहून हाताखाली येत होतं. काजूच्या झाडाशी मी तिसरा गिअर टाकला. खडी खालून पत्र्यावर तडतड वाजत होती. मागची चाकं किंचित बाहेर गेली आणि तीही आपली आपण जागेवर आली. मी पाय उचलला नाही. दाबला.

मागे माल नव्हता. बाजूला कोणी घाबरलेलं माणूस नव्हतं. पुढून वासरू येणार नव्हतं. कोणाच्या जिवाची काळजी माझ्यावर नव्हती. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. शेवटची रेषा दिसली तेव्हा वाईट वाटलं, की संपलं एवढ्यात.

उतरले तर तोंडात सगळी तांबडी धूळ. मी हसत होते म्हणून ती आत गेली.

माईकवरची मुलगी म्हणाली, “एकही कोन नाही! मावशी, मघाशी तुम्हीच होतात का गाडीत?” लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुदेशने शिट्टी घातली.

प्रकाशने शिट्टी घातली नाही. जवळ येऊन म्हणाला, “बरी चलवलंस. पण रिकामी गाडी कोणूय चलवता. आपला काम बाजूक माणूस घेवन.”

“मगे बस.”

“मी?”

“माणूस व्हयो मां बाजूक? बस. एक फेरी रवली आसा.”

क्लबचा नियम होता की हेल्मेट घालून एक माणूस बसू शकतो. सगळे बघत होते, त्याला नाही म्हणता येईना. हेल्मेट त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं. सुदेशने वरून दोन थापा मारून ते बसवलं. प्रकाश डावीकडे बसला. माझ्या जागेवर.

सुरुवात चांगली झाली. कोनांची रांग दुसऱ्या फेरीपेक्षा सुबक गेली. बाजूला प्रकाश काहीतरी पुटपुटत होता, बहुतेक देवाचं नाव. काजूचं झाड आलं. तिसरा गिअर. गाडी बाहेर ओढायला लागली, तशी ती ओढतेच, मला आता ते माहीत होतं. आणि तेवढ्यात माझ्या बाजूचं ब्रेकचं पेडल आपोआप खाली गेलं.

माझा पाय त्याच्यावर नव्हताच.

मागचा भाग गरकन फिरला. झाड एकदा समोर आलं, एकदा बाजूला गेलं. खाली काहीतरी कडकडलं. गाडी उलट तोंड करून थांबली आणि बंद पडली. धूळ बसेपर्यंत काही दिसेना.

“आवशीचो घो!” प्रकाश म्हणाला.

“लागला खंय?”

“नाय. तुका?”

“नाय. आता पाय काढ.”

त्याने खाली बघितलं. त्याचा पाय अजून ब्रेकवर होता. बूट टेकून, गुडघा ताठ, जसा काही तो ब्रेक जमिनीत घालणार होता. त्याने पाय हळू काढला.

“माझो पाय गेलो,” तो म्हणाला. “मी नेवक नाय. तोच गेलो.”

“जाता.”

मी उतरून बघितलं. एक कोन गाडीच्या पोटात अडकला होता. दोन मागे आडवे पडले होते. माईकवरून आवाज आला, “तीन कोन, मावशी! पण दुसरी फेरी धरणार आपण, काळजी करू नका.”

प्रकाशही उतरला. हेल्मेट निघत नव्हतं. ते तसंच घालून उभा राहिला.

मी म्हटलं, “कोन पडले, प्रकाशा. सोमवारी येतंय ऑफिसात.”

तो वाकून गाडीखालचा कोन ओढायला लागला. तो निघाला नाही, म्हणून खाली बसला. तिथूनच मला विचारलं, “बाजारात त्या दिवशी... तुझो पाय ब्रेकवर होतो?”

“होतो.”

“वासरू समोर. बाई बोंबलता. आणि पाय ब्रेकवर?”

“होतो म्हणून सांगतंय मां.”

“आणि दाबलंस नाय.”

“एसटी होती रे.”

“कसो ठेवलंस तो पाय?”

“ठेवूक लागता.”

कोन निघाला. प्रकाशने तिन्ही कोन काखेत घेतले आणि एकेक करून जागेवर नेऊन ठेवले. ते त्याचं काम नव्हतं, क्लबची मुलं धावत येत होती, पण त्याने कोणाच्या हातात दिले नाहीत.

निकाल लागला तेव्हा मी मधे कुठेतरी होते. सुदेश माझ्या पुढे होता. त्याचा हात चांगलाच आहे. बायकांत मी एकटीच, म्हणून मला इंजिन ऑइलचा डबा दिला. ते ऑइल स्कूलच्या गाडीतच गेलं.

सोमवारी मी ऑफिसात गेले आणि खुर्चीवर बसले. बोलल्याप्रमाणे. प्रकाश आला, चावी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाला, “उठ. तुझी बॅच भायर उभी आसा.”

“कोन पडलेले, रे.”

“ते माझ्या नावावर.”

हायवेचा सराव मात्र आता सुदेश घेतो, एवढं प्रकाशने ठेवलं. मीही वाद घातला नाही. मास्तरीणबाई परत आल्या नाहीत. त्यांना कोणी जाऊन सांगितलं असतं तरी त्यांना पटलं नसतं.

कधी माणूस कमी पडलं तर प्रकाश स्वतः डावीकडे बसतो. शिकणारी मुलं येऊन माझ्याकडे तक्रार करतात, की शेठ बाजूला असले की गाडी पुढे जातच नाही, दर दहा पावलांवर थांबते. मी त्यांना सांगते, थांबू दे. ब्रेक दाबायला माणूस एका दिवसात शिकतो. नुसता पाय ठेवून बसायला शिकायचं असेल, तर त्याला वेळ लागतो, आणि तोपर्यंत त्याला कट्ट्याच्या बाजारात नेऊ नये.