घरगुती बांधणी

आमचं ऑफिस ऐरोलीला हललं तेव्हा मी नोकरी सोडली. मुलगी दहावीत होती, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, आणि भांडुपहून रोज खाडीपलीकडे जाऊन-येऊन घर सांभाळणं मला जमलं नसतं. वर्षभर घरी बसले. मग मुलुंडच्या एका जुन्या वाचनालयाला दुर्मीळ पुस्तकांच्या नोंदी कॉम्प्युटरवर करायला माणूस हवाय असं कळलं. टायपिंगचं काम असेल असं समजून गेले.

वाचनालय एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर आहे. लग्नसराईत खालून जिलेबीचा वास येतो आणि दुपारभर कुणीतरी माइक तपासत असतं. दुर्मीळ पुस्तकं मागच्या खोलीत, लोखंडी कपाटांत. त्या खोलीच्या मॅडम एका कॉलेजच्या ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालेल्या. बारीक कापलेले पांढरे केस, गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग.

पहिल्याच दिवशी त्यांनी एक पुस्तक माझ्यासमोर ठेवलं. ‘‘हे कसं दिसतं ते लिही. आत काय आहे ते नको. बाहेरून.’’

मी लिहिलं : ‘जुने, सुंदर, नक्षीदार पुस्तक. अवस्था वाईट.’

मॅडमनी वाचलं आणि म्हणाल्या, ‘‘सुंदर कुणाला वाटलं? तुला. वाईट म्हणजे काय, वाळवी लागलीय, भिजलंय की कणा तुटलाय? अगं, हे पुस्तक उद्या चोरीला गेलं आणि पोलिसांनी अशी दहा पुस्तकं मांडली, तर तुझ्या या वाक्यावरून आपलं कुठलं ते ओळखता येईल का?’’

येणार नव्हतं.

तिथून शिकवणी सुरू झाली. आधी उघडायचं नाही. कणा बघायचा. पुठ्ठ्यावर काय चढवलंय, कातडं, कापड की कागद? कातडं फक्त कण्याला आणि कोपऱ्यांना आहे की सगळीकडे? मग उघडायचं, पण पूर्ण सपाट नाही. खाली उशी ठेवून, जेवढं ते स्वतःहून उघडेल तेवढंच. पानांचे जुज, म्हणजे घडी घातलेले गठ्ठे, मधोमध शिवलेत की बाजूने टोचून दोरा घातलाय? कसरीने खाल्लंय ते कडेला की आतपर्यंत? बकऱ्याच्या कातड्याला बारीक दाणा असतो, वासराचं गुळगुळीत, मेंढीचं पापुद्र्यासारखं सुटून येतं. हे सगळं भिंगातून बघून मला पहिल्यांदा एकच दिसायचं, तपकिरी. मॅडम दोन पुस्तकं शेजारी ठेवायच्या आणि माझं बोट धरून आधी एकावर, मग दुसऱ्यावर फिरवायच्या. महिनाभराने कधीतरी ते बोटांना कळायला लागलं.

मग मला सवयच लागली. घरी लग्नाचा अल्बम काढला तर मी फोटो सोडून त्याच्या पाठीकडे बघत बसले. नवरा म्हणाला, ‘‘आता माझी पण नोंद कर. कणा मोडलेला, कडा झिजलेल्या.’’

दिवाळीनंतर घाटकोपरहून फोन आला. एका निवृत्त शिक्षकांचं निधन झालं होतं, बिल्डिंग पुनर्विकासाला जाणार होती, आणि त्यांच्या मुलाला वडिलांची पुस्तकं वाचनालयाला द्यायची होती. मॅडम मला घेऊन गेल्या.

घरात खोकी बांधून तयार होती. मुलगा पन्नाशीचा, आयटीत नोकरी करणारा, फार अदबीने बोलणारा. त्याच्या आई दिवाणावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. मूळ मालवणकडच्या.

पुस्तकं खरंच चांगली होती. काही जुनी, दगडावरून छापलेली, काठावर पिवळी पडलेली. शिक्षकांनी रद्दीवाल्यांकडून वेचून आणलेली. पानं सुटी झालेली ती पुस्तकं त्यांनी एका बाइंडरकडे जाऊन, शिकून, स्वतः बांधली होती. सगळ्यांना एकच कापड : डाळिंबी, त्यावर पिवळी बुट्टी.

‘‘हे आईच्या लग्नातल्या शालूचं आहे,’’ मुलगा म्हणाला. ‘‘बाबांना दोन्ही गोष्टी जपायच्या होत्या. मी शोकसभेतही हे सांगितलं. तुमच्या नोंदीत हे यायला हवं.’’

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. ‘‘लिही तू.’’

मी एक पुस्तक खिडकीपाशी नेलं. शालूचं कापड असं नसतं. हे सुती होतं, जाड, धागा मोजता येईल असा. आणि रंग सगळीकडे सारखा उडालेला नव्हता. उभे पट्टे होते, एक गडद, एक फिका. चुण्या पडलेलं काहीतरी बरीच वर्षं उन्हात टांगलेलं असावं तसे. मला काय ते कळलं, पण बोलायचं कसं? नुकते वडील गेलेला माणूस समोर उभा. मी जे दिसत होतं तेवढंच लिहिलं : ‘पुठ्ठ्यावर जाड सुती कापड, डाळिंबी, पिवळी बुट्टी. उभे फिकट पट्टे.’

त्याने वाकून वाचलं. ‘‘शालू लिहिलं नाहीत.’’

‘‘आम्ही दिसतं ते आधी लिहितो,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘घरच्यांनी सांगितलेलं खाली वेगळं लिहू, ‘कुटुंबीयांच्या सांगण्यानुसार’ म्हणून.’’

‘‘पण ते खरं आहे ना, मॅडम. सांगण्यानुसार काय त्यात?’’

तेवढ्यात दिवाणावरून आवाज आला. ‘‘खयचो शालू रे? पडदो तो. हॉलातलो.’’

मुलगा वळला. ‘‘आई, बाबाच म्हणायचे...’’

‘‘त्यांना सांगायला आवडायचं. शालूला कात्री लावू दिली असती मी? तो कपाटात आहे, डांबराच्या गोळ्या घालून.’’ मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘‘ऐक गो. ह्याच्या धाकट्या बहिणीच्या वेळी मी माहेरी गेले. बाळाला घेऊन परत आले तर खिडकी उघडी! पश्चिमेची खिडकी, समोरच्या बिल्डिंगीतून सगळं दिसतंय. पडदे कुठे, तर हे पुस्तकांना लावून बसलेत. खळीचा वास घरभर. मी आठ दिवस बोलले नाही त्यांच्याशी.’’

‘‘मग खिडकीला काय लावलंत?’’ मी विचारलं.

‘‘काय लावणार? माझी एक जुनी साडी.’’

मॅडम हसल्या आणि मग मलाही आवरेना. मुलगा मात्र हसला नाही. तो खोक्यावर बसला. ‘‘ती साडी मला आठवते,’’ तो हळूच म्हणाला. ‘‘निळी. तिच्यामागे मी लपायचो. घरात साडीचा पडदा होता, म्हणून साडीची पुस्तकं हेही मला खरं वाटलं असणार.’’

‘‘निळीच,’’ आई म्हणाल्या.

मग त्याने शेजारचं एक पुस्तक उचलून माझ्याकडे दिलं. ‘‘पडदा लिहा.’’

मी लिहिलं : ‘घरगुती बांधणी. घरातील पडद्याचे कापड. माहिती पत्नीकडून.’ आईंनी ते मोठ्याने वाचून दाखवायला लावलं. ‘‘मला न विचारता, हे पण घाल,’’ म्हणाल्या. मॅडम म्हणाल्या, तेवढी जागा नाही हो.

पुस्तकं मुलुंडला आली. प्रत्येकाची नोंद मी एकटीने केली. मॅडमनी फक्त दोन ठिकाणी शब्द बदलले. त्यानंतर त्या मला न विचारताच लोखंडी कपाटांच्या किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवायला लागल्या.

उन्हाळ्यात तो मुलगा आईला घेऊन आला. त्यांना जिना चढवत नव्हता. दुर्मीळ पुस्तक खोलीबाहेर न्यायचं नाही असा नियम आहे. मी मॅडमकडे बघितलं. त्या म्हणाल्या, ‘‘मी चहा घेतेय. मला काही दिसत नाही.’’ मी एक पुस्तक मऊ कापडात गुंडाळून खाली नेलं. कार्यालयात संध्याकाळच्या लग्नाची झेंडूची तोरणं लागत होती. आई एका लाल खुर्चीवर बसल्या होत्या.

मी पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी कापडाकडे फारसं बघितलंच नाही. उघडून मधल्या शिवणीवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा.

‘‘टाका सारखा घातलाय हो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘घरात बटण लावायला सांगितलं तर ह्यांना चष्मा सापडायचा नाही.’’

मुलगा शेजारी बसला आणि त्याने खालची पानं धरून ठेवली, पुस्तक ताणलं जाऊ नये म्हणून. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. दोघं बराच वेळ एकेक पान उलटत राहिले. मंडपवाल्याने शिडी हलवायची म्हणून सगळ्यांना उठायला सांगितलं, तेव्हा मी पुस्तक परत वर नेलं.