कोचनं मला विचारलं होतं

ही गोष्ट मी आजवर कोणापाशी बोललेलो नाही. मेधापाशीही नाही. मेधा माझी बायको, तिला माझ्या रक्तातली साखर माहीत आहे, माझे पासवर्ड माहीत आहेत, माझ्या भावाशी मी का बोलत नाही तेही माहीत आहे. हे नाही. अकरा वर्षं झाली. कितीदा तोंडाशी आलं, आणि दरवेळी मी भलतंच काहीतरी बोललो. "चहा टाकू का?" असलं काहीतरी.

तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

आमचा मुलगा मिहिर. अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनमध्ये जन्मला, तिथंच वाढला. आमच्या ओळखीच्या घरांतली मुलं बुद्धिबळ खेळायची, व्हायोलिन शिकायची, फार तर टेनिस. हा फुटबॉलकडे गेला. म्हणजे इथला फुटबॉल, हेल्मेटवाला. मेधा पहिली दोन वर्षं डोळे मिटून मॅच बघायची. पुढे एका छोट्या कॉलेजात, आमच्या घरापासून गाडीनं दीड तासावर, तो क्वार्टरबॅक झाला. तिसऱ्या वर्षी स्टार्टर.

हा खेळ तुम्ही पाहिला नसेल तर एवढंच सांगतो. मैदानात अकरा जण असतात, पण जवळजवळ प्रत्येक डाव एकाच्या हातून सुरू होतो. तो क्वार्टरबॅक. समोरचे धटिंगण अंगावर येऊन आदळायच्या आत त्यानं चेंडू आपल्या माणसाकडे पोचवायचा. संघात असे दोघं-तिघं असतात, पण मॅच सुरू करतो तो एकच. बाकीचे कडेला उभे. आणि काही बिघडलं की स्टँडमधल्या सगळ्या प्रेक्षकांना एकच नाव ठाऊक असतं.

त्या वर्षी बिघडलं. पहिल्या दोन मॅच बऱ्या गेल्या, मग त्याचे चेंडू समोरच्या संघाच्या हातात पडायला लागले. एका मॅचमध्ये दोन, पुढच्या मॅचमध्ये तीन. का, ते मला आजही सांगता येणार नाही. हात तोच होता, डोळे तेच होते. फेकायच्या आधी तो एक क्षण थांबायला लागला होता — बस, तेवढंच. माझ्या मागच्या रांगेत एक म्हातारा बसायचा, भला माणूस, एरवी आम्हाला शेंगदाणे द्यायचा. तोसुद्धा ओरडला, "अरे, बसवा त्याला खाली!" मग त्याचं माझ्याकडे लक्ष गेलं आणि त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मला ओरडण्यापेक्षा जड वाटला.

त्याच्या पुढच्या शनिवारी मी मिहिरच्या नंबरचं जॅकेट घरी ठेवलं. साधं राखाडी घातलं. मेधानं विचारलं तर म्हणालो, "ते धुवायला टाकलंय."

आणि मग आमची मंडळी. त्या वर्षी गणपतीला सगळे शिरीषकडे जमलो होतो. शिरीष माझा जुना मित्र, थट्टा केल्याशिवाय त्याला जेवण जात नाही. भर पंगतीत म्हणाला, "काय रे अजित, तुझा हिरो या शनिवारी कोणाकडून खेळणार? आपल्या टीमकडून की त्यांच्या?" सगळे हसले. मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "दोन्हींकडून खेळतो बाबा, कोणी नाराज नको." आणखी मोठ्यानं हसले. मीही हसलो. मेधा ताट तसंच ठेवून आत गेली.

हे सगळं मी सांगतोय, पण जे सांगायचंय ते हे नाही. तुमच्या लक्षात आलंच असेल, मी टाळतोय.

एका गुरुवारी दुपारी मी कॉलेजवर गेलो. थंडी पडायला लागली होती, मिहिरचा जाड कोट घरीच राहिला होता, आणि मेधानं गूळपोळ्या केल्या होत्या. मिहिर क्लासमध्ये होता. कोचनं मला बाहेर पाहिलं आणि आत बोलावलं. साठीला आलेला माणूस, गुडघे गेलेले, खुर्चीत बसताना टेबलाचा आधार घ्यायचा. कागदी कपात कॉफी दिली. आणि सरळ म्हणाला, "माझे असिस्टंट म्हणतात, मुलगा बदला. मला वाटतं, ठेवावा. उद्यापर्यंत ठरवायचंय. मी त्याला दोन वर्षं ओळखतो, तुम्ही वीस वर्षं. मला एकच सांगा. हा पोरगा हरला की दुसऱ्या दिवशी काय करतो?"

किती साधा प्रश्न. आणि मला उत्तर येत होतं.

मिहिर आठ वर्षांचा असताना पोहण्याच्या परीक्षेत नापास झाला होता. तलावाची एक लांबी न थांबता पार करायची, एवढीच परीक्षा. तीनदा तो मधेच दांडीला धरून उभा राहिला. बाकीची पोरं पुढच्या वर्गात गेली, हा आपल्यापेक्षा लहान मुलांबरोबर. मला वाटलं, आता रडेल, जात नाही म्हणेल. पुढच्या शनिवारी सकाळी मी गॅरेजमध्ये गेलो तर हा आधीच गाडीत बसलेला. पट्टा लावून. गळ्यात टॉवेल. चौथ्यांदाही नापास झाला. त्याच्या पुढच्या शनिवारी परत तसाच, गाडीत, गळ्यात टॉवेल. पाचव्यांदा पास झाला. पास झाल्यावर मला म्हणाला, "बाबा, कॅन वी गो होम नाऊ?" जसं काही विशेष झालंच नाही.

हे मला नंतर आठवलं, असं म्हणायची सोय असती तर किती बरं झालं असतं. पण नाही. त्याच खुर्चीत, तो कप हातात असताना मला तो टॉवेल दिसला. पांढरा, निळ्या काठाचा. सांगायला मिनिटभर लागलं असतं.

मी म्हणालो, "कोच, तुम्ही जाणकार, मी काय सांगणार? पण तो आतून कच्चा आहे. घाबरतो. तुमच्याकडे त्याच्याहून चांगली मुलं आहेत. आमच्याकडे बघून त्याला ठेवू नका."

आता इथं मला एक सांगितलं पाहिजे. पुष्कळ वर्षं मी स्वतःची एक समजूत काढत आलोय. आपल्याकडे मास्तरांपुढे कोणी आपल्या मुलाचं कौतुक करत नाही. आठवीत माझ्या वडिलांनी मला चाळीसगावच्या नव्या शाळेत घातलं तेव्हा ते हेडमास्तरांना म्हणाले होते, "बेताचाच आहे, सर. चुकला तर फोडून काढा, आमची तक्रार नाही." मी शेजारी उभा होतो. आधीच्या शाळेत पहिला नंबर कधी सोडला नव्हता. हेडमास्तर हसले, कारण त्यांच्या हातात माझं प्रगतिपुस्तक होतं. बाहेर आल्यावर वडिलांनी मला पेढा घेऊन दिला. ती बोलायची एक रीत होती, आणि रीत आहे हे तिघांनाही ठाऊक होतं. तर मीही तेच केलं, जुन्या सवयीनं बोलून गेलो, गोऱ्या माणसाला ते कळलं नाही — अशी माझी समजूत.

खोटं आहे ते. मला या देशात येऊन तेव्हा चोवीस वर्षं झाली होती. ऑफिसात दरवर्षी स्वतःच्या कामाबद्दल लिहून द्यावं लागतं, तिथं मी 'अपेक्षेपेक्षा सरस' असं स्वतःच्या हातानं लिहीत आलो, न लाजता. इथं बोललेलं शब्दशः धरतात, हे मला पक्कं माहीत होतं. तो शब्दशः धरेल म्हणूनच मी बोललो. वडिलांची रीत मी पुढे केली आणि तिच्याआडून मला हवं ते करून घेतलं.

काय हवं होतं मला? मिहिरला लोक बोलतात ते बघवत नव्हतं, त्याच्या मनावर परिणाम होईल, अभ्यास बुडेल... हेही सगळं मी स्वतःला ऐकवून झालंय. मला ते ऐकायचं नव्हतं, इतकंच. मला शनिवारी माझ्या जागेवर शांतपणे बसायचं होतं. मला शिरीषनं काही म्हणायला नको होतं.

कोच टेबलाचा आधार घेत उठला. मग म्हणाला, "थँक यू. बापानं इतकं प्रामाणिक बोलणं सोपं नसतं."

प्रामाणिक.

बाहेर मिहिर भेटला. कोट तिथल्या तिथं अंगावर चढवला, डबा उघडून एक गूळपोळी उभ्याउभ्याच खाल्ली. "कोचकडे काय करत होतात?" म्हणाला. मी म्हटलं, "सहज. हॅलो म्हणायला."

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "बाबा, दे आर स्टार्टिंग कोडी." कोडी म्हणजे कडेला उभा असायचा तो दुसरा क्वार्टरबॅक. आवाज अगदी सपाट. आणि मी — हे लिहिताना हात थांबतो — मी म्हणालो, "त्या माणसाला काही कळत नाही. तू तुझा खेळ ओळखतोस, मी ओळखतो. बास." तो रडला. लहानपणानंतर पहिल्यांदाच माझ्यापाशी रडला. मी फोनवर त्याची समजूत काढली. चांगली काढली. बाप म्हणून मी कधी इतका गोड बोललो नव्हतो.

पुढच्या आठवड्यात तो कोचच्या खोलीत जाऊन ओरडून आला. मला सगळं सांगितलं. "मी म्हटलं, यू नेव्हर बिलीव्ह्ड इन मी. ही डिडन्ट से अ वर्ड, बाबा. टेबलाकडे बघत बसला. गिल्टी होता ना!"

"तुझ्या बापाला विचार" — एवढं म्हणाला असता कोच, तर सुटला असता. म्हणाला नाही. तेव्हाही नाही, नंतरही कधी नाही. माझ्या मुलापुढे त्यानं माझी लाज राखली.

कोडी चांगला खेळला, हे सांगायला हवं. मिहिरला ठेवलं असतं तर काय झालं असतं? कदाचित आणखी हरले असते. ते मला माहीत नाही, आणि मला ते विचारलंही नव्हतं. मला विचारलं होतं ते मला येत होतं.

मिहिर उरलेलं वर्ष कडेला उभा राहिला, आणि मग त्यानं खेळ सोडला. आता शिकागोजवळ शॉमबर्गला असतो, नोकरी चांगली आहे, बायको लाघवी आहे. पण एक आहे. तो कशातच पुढे होत नाही. ऑफिसात टीम सांभाळायला दोनदा विचारलं, दोन्ही वेळा नको म्हणाला. हसून म्हणतो, "आय ॲम अ गुड बॅकअप, बाबा." मेधा म्हणते, स्वभाव आहे एकेकाचा. मी मान हलवतो.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही चौघं शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूच्या देशी दुकानांतून सामान आणायला निघालो होतो. पार्किंग मिळत नव्हतं, मिहिर तिसरी चक्कर मारत होता, आणि बायकोला कॉलेजचं काहीतरी सांगता सांगता म्हणाला, "सगळ्यांनी गिव्ह अप केलं होतं. बाबा वॉज द ओन्ली वन." सूनबाईनं मागे वळून माझ्याकडे इतक्या मायेनं पाहिलं की मी खिडकीबाहेर बोट दाखवलं. म्हटलं, "ती बघ, ती गाडी निघतेय."

त्यानंतर महिन्याभरात कोच निवृत्त झाला. कॉलेजनं जुन्या खेळाडूंना बोलावलं होतं. मिहिरनं मला फोन करून विचारलं, "बाबा, जाऊ का? तुम्हाला काय वाटतं?" दुसऱ्यांदा मला सरळ विचारलं गेलं होतं. या वेळी स्टँड नव्हता, शिरीष नव्हता, कोणी हसणार नव्हतं. मी घरात एकटा होतो. म्हणालो, "तुझं तू बघ रे."

तो गेला नाही.

हे मी मराठीत लिहिलं आहे. मिहिरला मराठी समजतं, मोडकंतोडकं बोलतोही. वाचता येत नाही. लिहायला बसलो तेव्हाच मला ते माहीत होतं.