उपरण्याबाहेरची बोटं

रामरावांच्या हातातली कपबशी बद्रीनाथशेठच्या मांडीवर कलंडली आणि त्या दिवसापासून जालन्याच्या त्या जिनिंगमधली पगाराची बोलणी कायमची बिघडली. बिघडली असं शेठजी म्हणत. कामगार म्हणत, सुधारली.

शेठजी मूळचे कापसाच्या अडतीतले. अडतीत भाव तोंडानं सांगत नाहीत. उपरण्याखाली हात घालायचा, समोरच्याची बोटं दाबायची, सौदा झाला. ही रीत शेठजींनी कारखान्यातही आणली होती. कुणाचा पगार किती, हे फक्त दोन हातांना आणि एका उपरण्याला ठाऊक. रामराव काट्यावर कापूस तोलायचे. गाडीभर कापसाचं वजन ते नजरेनं सांगत, पण शेजारच्या माणसाचा पगार त्यांना अकरा वर्षांत कळला नव्हता.

त्या वर्षी हिंदुस्थानची हॉकी जर्मनीत जिंकून आली आणि ती शेठजींच्या अंगात शिरली. कारखान्याचा संघ होताच, पण आता त्यांना कमरोद्दीन हवा होता. हा गडी चेंडू घेऊन सुटला की बघणाऱ्यांचे फेटे सुटायचे. त्याचा सौदा उपरण्याखाली रंगात आला असताना रामराव चहा घेऊन आत शिरले आणि उंबऱ्याला अडखळले.

"अरे, मेलो, मेलो!" शेठजी उडाले, त्यांच्याबरोबर उपरणंही उडालं, आणि त्यांच्या मुठीत कमरोद्दीनची चार बोटं लख्ख दिसली.

दारात ख्वाजामियाँ उभा होता. दिवसा रुईच्या गठाणी दाबायचा, संध्याकाळी छावणीच्या मैदानावर संघाचा गोल राखायचा. गोणपाटात रुई भरून बायकोनं, खैरुनबीनं, त्याला पायाचे पॅड शिवून दिले होते. त्याला महिन्याला नऊ रुपये हाली, म्हणजे निजामी नाण्यात, मिळत, तेही हंगामापुरते. जिनिंग थांबली की पगार थांबे आणि मियाँ-बीबी रस्त्याच्या खडीवर जात. हॉकी मात्र थांबत नसे, कारण ती शेठजींच्या मते हौस होती.

"चाळीस," ख्वाजामियाँ एवढंच म्हणाला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो गादीसमोर उभा राहिला. शेठजींनी सवयीनं उपरण्याखालून हात पुढं केला. ख्वाजामियाँनं आपले दोन्ही हात पाठीमागं बांधले.

"शेठजी, तोंडानं बोला."

"अरे भाई, ती चार बोटं पगाराची नव्हती. महिन्याला चार शेर दूध ठरलं त्याला."

"त्यो तर बिनदुधाचा च्या पितो."

शेठजींनी रामरावांकडं असं पाहिलं, की जणू कमरोद्दीनला तशा चहाची सवय त्यांनीच लावली.

"तुझं म्हणणं काय?"

"त्यो गोल मारतो, त्याचे चाळीस. मी गोल अडवतो. निम्मे द्या. आन् बारमाही द्या. खैरुनबीला आता खडीवर न्हाई पाठवणार."

"मारलेला गोल दिसतो मियाँ. अडवलेला कुणी पाहिलाय?"

"मंग दाखवतो. जुम्म्याला औरंगाबादवाले येऊन राह्यले ना? मी गोलात न्हाई. बिलकुल न्हाई."

शुक्रवारी मैदान फुललं. ख्वाजामियाँ पॅड बांधून आला आणि शेठजींच्या खुर्चीशेजारी जमिनीवर मांडी घालून बसला. शेठजींनी चिडून चौफेर नजर फिरवली. ती रामरावांवर थांबली.

"रामराव, चहा सांडलात ना? जा, गोलात उभे राहा!"

रामराव धोतराचा काचा मारून उभे राहिले. पहिला चेंडू आला तेव्हा त्यांनी डोळे मिटले. दुसरा आला तेव्हा उघडे होते, पण त्याचा उपयोग झाला नाही. तिकडं कमरोद्दीननं तीन गोल मारले, इकडं रामरावांनी चार सोडले. चौथा तर त्यांच्या धोतरातूनच पार झाला, आणि पंचांनी धोतर आधी की चेंडू आधी, यावर बराच विचार केला.

प्रत्येक गोलानंतर शेठजींचा हात उपरण्याखालून ख्वाजामियाँकडं सरके. ख्वाजामियाँ तिकडं बघतही नसे. पॅडच्या दोऱ्या मात्र तो प्रत्येक वेळी आवळून बांधी.

"अरे, हात तरी दे!" शेठजी कुजबुजले.

"तोंड द्या."

समोरून औरंगाबादचे पाच जण पुन्हा चेंडू घेऊन निघाले आणि रामरावांनी आईचं नाव घेतलं. शेठजींनी खांद्यावरचं उपरणं ओढून खुर्चीवर आपटलं, उभे राहिले आणि अख्ख्या मैदानादेखत दोन बोटं वर केली.

"वीस! बारमाही! आता ऊठ बाबा!"

ख्वाजामियाँ धावला. रामरावांना खांद्यानं बाजूला सारून त्यानं चेंडू पॅडवर घेतला. मग त्याच्यावर एकही गोल झाला नाही. कमरोद्दीननं आणखी दोन मारले आणि सामना खिशात आला.

पुढच्या पगाराला गादीसमोर रांग लागली ती हात पाठीमागं बांधूनच. शेठजींचं उपरणं खुंटीवर गेलं. रांगेत फक्त रामराव नव्हते. अकरा वर्षं त्यांची बोटं शेठजींनी दाबली होती आणि त्यांना तोंडाची सवयच राहिली नव्हती. संध्याकाळी त्यांनी ख्वाजामियाँला प्रेसमागं गाठलं.

"मियाँ, शेठजी तुझं ऐकतात. माझ्या पगाराचंही तेवढं बोल ना."

ख्वाजामियाँनं गठाणीवरची रुई झटकली.

"बोलायचं तुमी, च्या मी सांडतो."