दोन पर्याय खोडल्यावर

अमरावतीच्या क्लासमध्ये आमच्या सरांचा एकच धोशा असायचा. उत्तर पक्कं येत असेल तरच गोल काळा करायचा, नाहीतर प्रश्न सोडून पुढे जायचं. चुकलं की मार्क कापले जातात, म्हणून अंदाज करणं म्हणजे त्यांच्या लेखी गुन्हा होता. मी दर्यापूरजवळच्या खेड्यातून सरकारी नोकरीच्या परीक्षेसाठी तिथे आले होते.

एकदा सराव पेपरात प्रश्न आला की, कोणत्या पिकामुळे जमिनीतलं नत्र वाढतं? कापूस, ज्वारी, गहू की सोयाबीन? मी सोयाबीन लिहिलं.

"कुठं वाचलं?" सरांनी विचारलं.

"वाचलं नाही सर. आमच्याकडे सोयाबीनच्या मागं गहू घेतला की युरिया कमी लागते. कापसाच्या मागं तसं होत नाही."

"म्हणजे तुक्का मारला."

"तुक्का नाही सर, अंदाज आहे."

सगळा वर्ग हसला. सर म्हणाले, "परीक्षेत असे अंदाज करशील तर गावाले परत जाशील."

परीक्षेत मी तसंच केलं आणि थोडक्यात नापास झाले. सरांनी भर वर्गात मला उभं केलं. "पाहा, अंदाज करणाऱ्याचं काय होते!"

खोलीवर येऊन मी उत्तरतालिका समोर ठेवली आणि एकेक उत्तर तपासलं. दोन पर्याय खोडून उरलेल्यांतला एक निवडला होता, तिथे मी बहुतेकदा बरोबर होते. मार खाल्ला होता तो मला पक्कं येतं असं वाटलं त्या प्रश्नांत. सरांनी पाठ करून घेतलेली राज्यघटनेची कलमंच मी उलटसुलट लिहून आले होते. हे दाखवायला मी गेले, तर सर म्हणाले, "आता मलेच शिकवतं का?" मी बाहेर पडले आणि पुढच्या परीक्षेला बसायचं ठरवलं.

त्या दिवाळीत घरी गेले तेव्हा आईचा जबडा दुखत होता. काकांनी सांगून टाकलं, दाताचं दुखणं आहे, नाहीतर गॅस. सण झाला की पाहू.

मी आईजवळ बसले. "चावताना दुखते का?"

"नाही बाई, आत्ताच चकली खाल्ली."

"मग कधी दुखते?"

"विहिरीवर जाऊन आली का दुखते. हा खांदाबी भरून येते. जरा बसली का थांबते."

दात असता तर चकली खाताना कळ आली असती. गॅस असता तर तो चालल्यावर येऊन बसल्यावर थांबला नसता. हे दोन खोडल्यावर उरत होतं ते हृदय. मी आईला म्हटलं, "साडी बदल, आपण अकोल्याला जाऊ."

काका दारात आडवे आले. "सणासुदीचं काहून नेतं तिले? तू काय डॉक्टर हायस?"

"नाही काका. म्हणून तर डॉक्टरकडे नेऊन राहिली."

आम्ही काळीपिवळी जीपने अकोल्याला गेलो. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढून पाहिली आणि आईला लगेच दाखल करून घेतलं. हृदयाची नस बंद होत आली होती. दुसऱ्या दिवशी ती मोकळी केली. काका भेटायला आले तेव्हा वऱ्हांड्यात मला म्हणाले, "तुक्का बरोबर बसला तुहा."

मला राग आला. "तुक्का नाही काका. आणि चुकली असती तरी मी आणलंच असतं तिले. मी चुकली असती तर सणाचा एक दिवस गेला असता. तुमी चुकले असते तर माय गेली असती." काका आईसाठी आणलेली केळी माझ्या हातात देऊन बाकावर बसले.

पुढच्या परीक्षेलाही मी माझ्याच पद्धतीने बसले आणि पास झाले. आता अकोल्यात नोकरी करते. निकालानंतर क्लासने सत्काराला बोलावलं. सरांनी शाल दिली आणि माईक माझ्या हाती देत हळूच म्हणाले, "पोरांना सांग, पक्कं येत होतं तेवढंच मी लिहिलं."

मी माईक तोंडाजवळ धरला. "ज्याला दोन पर्याय कारण देऊन खोडता येतात, त्यानं प्रश्न सोडू नये. आणि जे पक्कं येते असं वाटते, ते आधी तपासावं."

मागच्या बाकांवरून टाळ्या पडल्या. सरांनी माईक काढून घेतला. त्या वर्षी क्लासच्या फ्लेक्सवर सगळ्या पास झालेल्यांचे फोटो लागले, माझा लागला नाही. मी विचारायलाही गेले नाही.