कारंज्यासमोरचं मशीन

चौकात कारंजं बसवलं तेव्हा जो तो खूश झाला. तिथली फरशी दुपारी अशी तापायची की चप्पल घालूनही पाय भाजावेत. दुकानदार माश्या मारत बसायचे. आता गारवा येणार, वर्दळ येणार, हेच सगळ्यांच्या तोंडी. कारंजं चालवायला माणूस हवं होतं. त्या कामाला गादीवाल्या वहिनीने अर्ज केला, पण गारव्यासाठी नव्हे. पंपघराच्या खिडकीतून दिराचं गाद्यांचं दुकान नाकासमोर दिसायचं, म्हणून.

दुकान मुळात तिच्या नवऱ्याने थाटलेलं. धाकट्या भावाला त्याने हाताला धरून धंदा शिकवला, हिने त्याला आपल्या ताटातलं वाढलं. दाराशी मशीन टाकून ती गाद्यांच्या खोळी शिवायची. नवरा गेला आणि महिना उलटायच्या आत मशीन फुटपाथवर आलं. "वहिनी, जागा अडते हो," एवढंच दीर म्हणाला, तेही गिऱ्हाइकाला कापूस दाखवता दाखवता. मशीन हातगाडीवर घालून ती घरी घेऊन गेली. मनात गाठ बसली ती बसलीच.

पंपघरात एक चाक होतं. ते सोडावं तसं पाणी उंच जायचं. दुपारचा वारा दुकानाकडे वाहतो, हे वर्षानुवर्षं त्या दाराशी बसलेल्या बाईला काय कुणी सांगायला हवं? पहिल्याच आठवड्यात तिने चाक पुरतं सोडलं. बाहेर मांडलेल्या नव्याकोऱ्या गाद्या चिंब! दीर तक्रार घेऊन नगरपालिकेच्या साहेबांकडे धावला. साहेब म्हणाले, मग काय वाऱ्याला नोटीस काढू? वहिनीला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

पण मेलं नशीबच उफराटं. त्या गार तुषारांत बसायला लोक येऊ लागले, ते नेमके त्याच दुकानापुढे. दिराने गाद्या आत घेतल्या, बाहेर खुर्च्या मांडल्या आणि तो थंड पेयं विकायला लागला. वर पंपघराकडे बघून हात काय हलवायचा, हसायचा काय! वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपल्याच हाताने या मेल्याचं भलं करून बसले की! घास तिच्या घशाखाली उतरेना. मग एकदा चाकावर हात असताना तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अगं बये, चढवतेस तूच ना? मग उतरव की.

तिने पाणी गुडघ्याएवढं केलं. खुर्च्या तापल्या, लोक उठून पलीकडच्या झाडाखाली गेले. दीर पुन्हा साहेबांकडे. साहेबांनी पाणी वाचवल्याबद्दल वहिनीचंच कौतुक केलं. शेवटी स्वारी घाम पुसत पंपघराच्या पायऱ्या चढली. पोटावर पाय देऊ नका म्हणाला, तुम्ही मला आईच्या जागी म्हणाला. ती फडक्याने चाक पुसत राहिली. त्याचं सगळं बोलून झाल्यावर म्हणाली, "माझं मशीन घरून उचला आणि दाराशी ठेवा. होतं तिथेच."

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः हातगाडी ढकलत मशीन आणलं. सगळा चौक बघत होता. मशीन जागेवर बसलं आणि पाणी चढलं.

पण वहिनी काही येऊन बसेना. ऐन दारात, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात, रिकामं मशीन. गिऱ्हाईक अडखळायचं, हे कुणाचं म्हणून विचारायचं, आणि दिराला सांगावं लागायचं, वहिनींचं. एकदा त्याने ते हळूच बाजूला सरकवलं. कारंजं खाली आलं. त्याने निमूटपणे परत ओढलं.

अखेर न राहवून तो पंपघरात आला. "वहिनी, शिवायला तरी बसा. नुसतं जागा अडवून राहिलंय ते."

तिने चाकावरचा हात काढला नाही. "जागा अडवायलाच ठेवलंय, भावजी," ती म्हणाली.