खंडेनवमीला बंद केलेला फ्रीजर

साखळकर मॅडम पहाटे गेल्या, आणि दुपारपर्यंत त्यांच्याबद्दल खोटं बोलायला सुरुवातसुद्धा झाली.

अमरधाममध्ये आमच्या कॉलेजच्या संस्थेचे आताचे अध्यक्ष बोलायला उभे राहिले. "मॅडमच्या संशोधनाला संस्थेने कधी काही कमी पडू दिलं नाही."

चितेसमोर आवाज चढवायचा नसतो, म्हणून तिथे गप्प बसले. इथे लिहिताना नाही बसणार.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. डॉ. नलिनी साखळकर, बायोकेमिस्ट्री. नव्वदच्या दशकात पनवेलमध्ये बसून विषाणूंच्या आरएनएवर काम करणारी बाई.
मी त्यांची एम.एस्सी.ची विद्यार्थिनी.

आरएनए कसा असतो ते त्यांनी मला माझीच ओढणी पिळून दाखवलं. पीळ देत गेलं की ओढणी मध्येच स्वतःवर वळते आणि एक फास तयार होतो.

"डेंग्यूच्या आरएनएला इथे असं वळण आहे, असं माझं म्हणणं आहे. या खाचेत औषधाचा रेणू अडकवला, की विषाणूला स्वतःच्या प्रती काढता येणार नाहीत."

ते वळण नेमकं कुठे आहे हे सिद्ध करायचं. बाईंना आयुष्यात एवढंच हवं होतं.

आणि आरएनए म्हणजे महानाजूक. मॅडम म्हणायच्या, डीएनए म्हणजे सुका बोंबील, टिकतो. आरएनए म्हणजे उन्हात ठेवलेली कोळंबी.

म्हणून तो उणे सत्तरचा फ्रीजर. अनुदानातून आलेला, विजेची वेगळी लाइन घेतलेला. दारावर मॅडमच्या अक्षरातला कागद : बटण कधीही बंद करू नये.
आत काही वर्षांचे सगळे नमुने.
लागणारी एन्झाइम्स त्या पुण्याहून थर्मासमध्ये बर्फ भरून एसटीने आणायच्या. शेजारच्या सीटवरची बाई हमखास विचारायची, कुल्फी आहे का?

त्या वर्षी दसऱ्याला मॅडम आईकडे साताऱ्याला गेल्या.

खंडेनवमीला तेव्हाच्या अध्यक्षांनी, म्हणजे आताच्यांच्या वडिलांनी, कॉलेजात यंत्रपूजा केली. पूजेबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझी आईसुद्धा त्या दिवशी शिलाई मशीनला हळदकुंकू वाहते आणि एक टाका घालत नाही.

पण यांनी हुकूम सोडला. आज कॉलेजातल्या सगळ्या यंत्रांना विश्रांती.
टाइपरायटर. झेरॉक्स. लॅबमधलं झाडून सगळं.

मधे दसऱ्याची सुट्टी. त्यानंतर मॅडम आणि मी लॅब उघडली, तर फरशीवर पाणी.

फ्रीजरवर कुंकवाचं स्वस्तिक. त्याच्यावर झेंडूचं तोरण, सुकत आलेलं.
तो कागद तोरणाच्या मागे झाकला गेला होता.

मॅडमनी दार उघडलं. एक ट्यूब उजेडात धरली, हलवली, परत ठेवली. दुसरी उचललीच नाही.

लॅबचे शिपाई म्हात्रे मामा, ओवे गावचे, दारातच उभे होते. पांढरेफटक पडलेले.
"मी इचारला व्हता मॅडम, फ्रीज पन बंद करू का. त अध्यक्ष सायेब मना बोलले, फ्रीज काय मशीन नाय?"

मॅडम तडक अध्यक्षांच्या केबिनमध्ये गेल्या. नमुन्यांचा ट्रे घेऊन मी मागे.

फुटलं काय, असं त्यांनी विचारलं. काहीच नाही, मॅडम म्हणाल्या.
"मग झालं तर. वितळलंय ना? परत गोठवा."

मॅडमनी त्यांना शांतपणे समजावलं. आतला आरएनए तुटून गेलाय, आता गोठवला तर तुकडेच गोठतील. ते ऐकत होते. पेढ्यांचा बॉक्स आमच्याकडे सरकवत होते.

मग त्यांचा आवाज खाली आला. अनुदान देणाऱ्यांना कळवावं लागणार, मुदतवाढ मागावी लागणार. तर कळवा, शिपायाची हलगर्जी. त्याला आम्ही काढून टाकतो, तुमच्या अर्जावर सही करतो. तुमचं काम चालू, संस्थेचं नाव साफ.

मी नमुन्यांचा ट्रे त्यांच्या टेबलावर, पेढ्यांच्या बॉक्सशेजारी ठेवला.

मॅडम म्हणाल्या, "म्हात्रेंनी विचारलं होतं. बंद कर, असं तुम्ही सांगितलंत. मी तेच कळवणार."

"मग सहीचं विसरा."

मॅडमनी तेच कळवलं. सही झाली नाही. मुदतवाढ मिळाली नाही. पूजेला रांगेत उभं राहून पेढे खाल्लेल्या एकाही प्राध्यापकाला, बटण बंद करायला कोण म्हणालं, हे आठवेना.

प्रोजेक्ट संपला. त्या फ्रीजरमध्ये पुढे जुन्या उत्तरपत्रिका ठेवायला लागले.

आणि बाई निवृत्त होईपर्यंत बी.एस्सी.च्या पोरांना ग्लुकोजचं विघटन शिकवत राहिल्या. मन लावून शिकवत राहिल्या. मला त्याचाही राग यायचा.

पुष्कळ वर्षांनी एकदा त्यांच्या घरी गेले, तर टेबलावर परदेशातल्या कुठल्याशा लॅबचा शोधनिबंध. त्यातल्या आकृतीवर बोट ठेवून म्हणाल्या, बघ. वळण आहे. मी म्हणत होते तिथेच आहे.

मी रडायलाच लागले. त्या चहा गाळत होत्या.

विचारलं, मॅडम, तुम्हाला राग नाही येत?

"येतो गं. न यायला काय झालं? हे वाचून रात्रभर डोळा लागला नाही." कप माझ्यापुढे ठेवला. "पण काढू कुठे? म्हात्रेंची पोर नर्स झालीय, बापाच्या त्याच पगारावर शिकली. दर रविवारी माझं बीपी बघायला येते. चढलेलं दिसलं तर ओरडते मला."

आज ती पोर होती अमरधाममध्ये. वडिलांचा हात धरून, शेवटच्या रांगेत. ते भाषण तिनेही ऐकलं. म्हात्रे मामांनी मान वर केली नाही.

हे मी त्यांच्यासाठीही लिहितेय. मामा, चूक तुमची नव्हती. तेव्हाही नव्हती.

मॅडम, तुम्हाला काढता आला नाही तो राग मी इथे काढलाय, सगळ्यांसमोर.
आता बीपी बघायला नको. निघा सावकाश.